निवडीची शाळा आणि न निवडणारे ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित पाठ)



माझा विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी थट्टेने विचारले, "ज्या वस्तीच्या नावातच परदेश आहे, त्या वस्तीत परदेशाची हकीकत कशाला सांगता?" त्यांच्या थट्टेत तथ्य आहे. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या आपल्या परदेशीपुऱ्यात कोणी खानदेशातून आले, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी राजस्थानातून. एकाच आळीत चार भाषा ऐकत आपली मुले मोठी झाली. येथील शाळेत तीस वर्षे शिकवत असताना मला परप्रांत पाहायला कधी आगगाडीत बसावे लागले नाही. तो रोज सकाळी दप्तर घेऊन वर्गात येत असे.

तेव्हा आज मी प्रवासवर्णन सांगण्यासाठी उभा नाही. न्यूयॉर्क शहरातील एक सरकारी माध्यमिक शाळा मी पाहिली. तिची कीर्ती जगभर आहे आणि तिच्याविषयीचा वादही तितकाच जुना आहे. ती शाळा मुले निवडून घेते. निवड म्हणजे काय, ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न मी तेथून बरोबर आणला. आपल्या शताब्दी निधीचे काय करावे याविषयी ज्या सूचना आल्या आहेत, त्यांत वाचनकक्षाचा अर्धा भाग स्पर्धापरीक्षांच्या शिकवणी वर्गाला द्यावा, अशीही एक सूचना आहे. सूचना सद्‌हेतूने केलेली आहे. म्हणूनच तिचा विचार गांभीर्याने व्हायला हवा, आणि त्या विचाराला ही शाळा उपयोगी पडेल असे मला वाटते.

शाळेचे नाव स्टायव्हसंट हायस्कूल. १९०४ साली मुलग्यांना हातकाम शिकवणारी शाळा म्हणून ती सुरू झाली. पीटर स्टायव्हसंट हा त्या भागातील डच वसाहतीचा शेवटचा प्रमुख अधिकारी. १६५४ साली ब्राझीलमधून परागंदा झालेली काही ज्यू कुटुंबे बोटीने तेथे पोहोचली, तेव्हा त्यांना वसाहतीत राहू देऊ नये यासाठी त्याने आपल्या वरिष्ठांकडे खटपट केली. कंपनीने ती मानली नाही. पुढे इतिहासाने मोठी गंमत केली. त्याच माणसाचे नाव धारण करणारी शाळा विसाव्या शतकात पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू निर्वासितांच्या मुलांनी भरून गेली. ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे होते, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी त्याचे नाव उजळले.

गर्दी वाढली तसा प्रवेशाचा प्रश्न आला आणि १९३४ साली शाळेने प्रवेशपरीक्षा सुरू केली. १९७१ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की, या शाळेत आणि अशाच आणखी दोन शाळांत प्रवेश केवळ स्पर्धापरीक्षेच्या गुणांवर मिळेल. आज अशा शाळा आठ आहेत. आठवीतली मुले इंग्रजी आणि गणित या दोन विषयांची तीन तासांची एकच परीक्षा देतात. वर्षभराचे गुणपत्रक पाहिले जात नाही, मुलाखत होत नाही, शिफारसपत्र चालत नाही, देणगीचा तर प्रश्नच नाही. शाळा सरकारी, म्हणून फी नाही. अलीकडच्या वर्षांत पंचवीस-सव्वीस हजार मुले ही परीक्षा देतात. आठ शाळा मिळून सुमारे चार हजारांना जागा मिळते, आणि त्यांतील साडेसातशे-आठशे मुले स्टायव्हसंटसाठी निवडली जातात.

माझा भाचा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. त्याची मुलगी त्या वर्षी आठवीत होती. प्रवेशेच्छू मुलांना आणि पालकांना शाळा पाहता यावी म्हणून एका संध्याकाळी दरवाजे उघडे ठेवतात. त्या निमित्ताने मीही गेलो. १९९२ सालापासून शाळा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ, हडसन नदीच्या अगदी काठावर, दहा मजली इमारतीत भरते. समोरच्या रुंद हमरस्त्यावरून एक पादचारी पूल थेट दुसऱ्या मजल्यावर उतरतो. आत सरकते जिने, प्रयोगशाळांमागून प्रयोगशाळा, तळाशी पोहण्याचा तलाव. सुमारे ३,३०० मुले तेथे शिकतात. जमिनीवर पाट्या अंथरून बसणाऱ्या वर्गांना शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तराचे डोळे दिपले, हे मी लपवत नाही.

पण इमारतीपेक्षा तिच्या भिंतींत बसवलेल्या एका गोष्टीने मला अधिक थांबवले. भिंतींत ठिकठिकाणी काचेचे पोकळ ठोकळे आहेत, एकूण सुमारे ४००. क्रिस्टिन जोन्स आणि अँड्र्यू गिंझेल या दोन कलावंतांची ती कल्पना. काही ठोकळ्यांत जगभरातून आणलेल्या वस्तू जपल्या आहेत : चीनच्या भिंतीचा तुकडा, बोधिवृक्षाची पाने, नाईलचे पाणी आणि आपल्या गंगेचे पाणी. काहींत शाळेच्या जुन्या इमारतीची स्मृतिचिन्हे आहेत. आणि काही मुद्दाम रिकामे ठेवले आहेत. दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तुकडीने आपली एक खूण त्यात ठेवायची, असा क्रम २०८० सालापर्यंत आखून दिला आहे. आम्हाला इमारत दाखवणाऱ्या विद्यार्थिनीला मी गंगेच्या पाण्याचा ठोकळा विचारला. तिला तो ठाऊक नव्हता. तिने दोन मजले हिंडून शोधला, पण त्या संध्याकाळी आम्हाला तो सापडला नाही. शंभर वर्षांचा हिशेब मांडायला बसलेल्या आपल्यासारख्या संस्थेने त्या रिकाम्या ठोकळ्यांचा विचार अवश्य करावा. पुढच्या माणसांसाठी जागा मोकळी ठेवणे, हेही स्मारकाचेच काम आहे.

ती विद्यार्थिनी बांगलादेशी कुटुंबातली होती. वडील टॅक्सी चालवतात, घरी सगळे बंगालीत बोलतात, असे तिने सहज सांगितले. त्या शाळेत हे अपवादाने घडत नाही. आज तेथील बहुसंख्य मुले आशियाई वंशाची आहेत, त्यांतली पुष्कळशी पहिल्या पिढीतल्या स्थलांतरितांच्या घरची. आणि शाळेतील चाळीस टक्क्यांहून अधिक मुले गरीब कुटुंबांसाठीच्या सवलतीस पात्र ठरतात. इंग्रजी ही त्या शाळेची भाषा खरी, परंतु अनेकांच्या घरची भाषा दुसरीच. पूर्वी ती यिडिश होती, आता चिनी आहे, बंगाली आहे. रोआल्ड हॉफमन हा पोलंडमध्ये जन्मलेला मुलगा नाझींपासून लपून वाचला, १९४९ साली अमेरिकेत आला, १९५५ साली या शाळेतून बाहेर पडला आणि १९८१ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो कविताही लिहितो. जोशुआ लेडरबर्ग, रॉबर्ट फोगेल आणि रिचर्ड ॲक्सेल हे या शाळेचे आणखी तीन नोबेल मानकरी. घरी मराठी बोलले तर मुलाचे इंग्रजी कच्चे राहते, असे मानून आपल्याकडचे आईबाप दोन वर्षांच्या मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलतात. त्यांनी त्या शाळेच्या फाटकाशी उभे राहून पालकांची बोलणी ऐकावीत. परकी भाषा मिळवण्यासाठी घरची भाषा गहाण टाकावी लागते, हे तेथे तरी दिसत नाही.

शाळेविषयी आदर वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली शिक्षकाची. फ्रँक मकोर्ट हे तेथे १९७२ पासून १९८७ पर्यंत इंग्रजी शिकवत होते. आयर्लंडच्या लिमरिक गावात अत्यंत दारिद्र्यात वाढलेल्या या माणसाने चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडली. माध्यमिक शाळेत तो विद्यार्थी म्हणून कधी बसलाच नाही. सैन्यातील नोकरीमुळे मिळालेल्या सवलतीवर तो पुढे विद्यापीठात गेला. निवृत्तीनंतर १९९६ साली त्यांचे 'अँजेलाज ॲशेस' प्रसिद्ध झाले आणि पुढल्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जी शाळा परीक्षेवाचून कोणाला आत घेत नाही, तिला असा एक शिक्षक लाभला की ज्याच्यापाशी माध्यमिक शाळेचा दाखलाच नव्हता. विद्वत्ता दर वेळी परीक्षेच्याच दाराने येते असे नाही.

दुसरी गोष्ट २००१ सालची. ११ सप्टेंबरला जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले ते या शाळेपासून चार-पाच गल्ल्यांवर. मुले उत्तरेकडे चालत सुखरूप बाहेर पडली आणि इमारत मदतकार्यासाठी दिली गेली. ९ ऑक्टोबरला शाळा पुन्हा स्वतःच्या जागेत भरली. मधल्या काळात ब्रुकलिनमधील दुसऱ्या एका शाळेत दुपारच्या पाळीत मुले शिकली. एकाच इमारतीत दोन पाळ्या हे आपल्या इकडचे नेहमीचे दृश्य. जगातल्या अतिश्रीमंत शहरातल्या नामवंत शाळेलाही संकटकाळी तोच मार्ग सापडला, हे ऐकून माझ्यातला दुपारच्या पाळीचा मास्तर सुखावला.

आता दुसरी बाजू. ही शाळा १९६९ सालापर्यंत फक्त मुलग्यांची होती. ॲलिस दे रिव्हेरा नावाची तेरा वर्षांची मुलगी न्यायालयात गेली, तेव्हा मुलींना दार उघडले. पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा १८४८ साली उघडली होती, याची आठवण ठेवून ही तारीख वाचावी. स्पर्धापरीक्षा तर १९३४ पासून होती. परंतु अर्ध्या समाजाला ती द्यायचीच मुभा नव्हती, आणि तरीही तिला गुणवत्तेची परीक्षा म्हणत होते.

आजचा वाद याहून अवघड आहे, कारण आता दार सर्वांना उघडे आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुले मिळून सुमारे दोन-तृतीयांश आहेत. २०१९ साली स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या ७. २०२५ साली ७८१ पैकी ८. गंगेचे पाणी समुद्र ओलांडून त्या भिंतीत पोहोचले. त्याच शहरातील हार्लेमच्या वस्तीतून मूल मात्र क्वचितच पोहोचते. २०१८ साली तेव्हाचे महापौर बिल द ब्लाझिओ यांनी ही परीक्षाच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. आशियाई पालक संतापून रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे असे की, आमची मुलेही गरीब आहेत, ती रात्रंदिवस अभ्यास करतात. त्यांच्यापाशी ओळखी नाहीत, वशिला नाही, आहे ती एवढी परीक्षा. तीही काढून घेणार का? विधिमंडळाने प्रस्ताव मान्य केला नाही. मात्र गरीब वस्तीतल्या शाळांमधील, थोडक्यात हुकलेल्या मुलांना उन्हाळी वर्गानंतर प्रवेश देण्याची योजना पूर्वीपासून होती, ती वाढवण्यात आली.

दोन्ही बाजू ऐकल्यावर कोणा एकीला खोटे म्हणणे मला जमत नाही. परीक्षा जात विचारत नाही, घराणे विचारत नाही, हे खरे. पण परीक्षा आहे हे ज्याला सहावीत कळले आणि ज्याला आठवीतही कळले नाही, त्या दोघांची उत्तरपत्रिका ती एकाच काट्यावर तोलते, हेही खरे. क्वीन्सच्या आशियाई वस्त्यांत या परीक्षेच्या शिकवण्यांच्या पाट्या मी पाहिल्या आणि मला आपला भंवरकुवा चौक आठवला. आपल्या इंदुरात आय.आय.एम. आहे, आय.आय.टी. आहे, त्यांच्या दारापर्यंत नेणाऱ्या शिकवण्यांचा बाजारही आहे. ज्याच्या वडिलांची पगाराची तारीख निश्चित, त्याला त्या बाजारात जाता येते. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांची देणी मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्या बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कितीजणांना शिकवणीची पायरी चढता आली असेल, याचा हिशेब आपण सगळे मनातल्या मनात करू शकतो.

निवडीच्या शाळा आपल्याला नव्या नाहीत. १८८२ सालचे आपल्या शहरातले डेली कॉलेज घ्या. मध्य भारतातील राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या मुलांसाठी ते निघाले. तेथे निवड जन्मावर होती. आज त्याचे स्वरूप बदलले आहे. योगायोग असा की, त्याच १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी परखडपणे सांगितले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. मूठभरांना वर नेले म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता. न्यूयॉर्कचे ७ आणि ८ हे आकडे पाहिले की जोतीरावांचे निवेदन जुने झालेले नाही, असे वाटते.

तथापि निवडीचा सरसकट धिक्कार करायलाही मी तयार नाही. येथून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर महू आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेला मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकला आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. स्टायव्हसंटची शाळा तेव्हा त्याच शहरात भरत होती. बाबासाहेब आंबेडकरांची ती निवड झाली नसती, तर या देशाचे केवढे नुकसान झाले असते! निवड हवी. पण निवडणाऱ्याची नजर कुठवर पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

सयाजीरावांची नजर पोहोचली, कारण त्यांनी एकच काम केले नाही. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. शाळेत गिरवलेली अक्षरे पुस्तकावाचून पुसली जातात, हे ध्यानी आल्यावर त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना १९१० साली बडोद्याला आणले आणि गावोगावी वाचनालये उभी केली. ग्रंथांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. म्हणजे पहा, एका हाताने शिष्यवृत्ती दिली, दुसऱ्या हाताने ग्रंथालय उघडले. न्यूयॉर्कमध्येही असेच घडले होते. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०१ साली शाखा-ग्रंथालयांसाठी ५२ लाख डॉलर देऊ केले. त्यांतून निर्वासितांच्या वस्तीत १९०९ साली उभ्या राहिलेल्या सीवर्ड पार्क ग्रंथालयाच्या गच्चीवर उघड्या हवेत वाचायची सोय होती. एकेका खोलीत कोंबलेल्या कुटुंबांतील मुले तेथे येऊन वाचत. परीक्षेत पहिली येणारी मुले आधी कोठल्या तरी न निवडणाऱ्या दारातून आत आलेली असतात.

बंधुभगिनींनो, आपले ग्रंथालय हे तसे दार आहे. शंभर वर्षांत त्याने कोणाची परीक्षा घेतली नाही. देवघेवीच्या खिडकीपाशी कारकून आणि त्याचा साहेब एकाच रांगेत उभे राहिले. म्हणून वाचनकक्षाचा अर्धा भाग शुल्क आकारणाऱ्या शिकवणी वर्गाला देण्यास माझा विरोध आहे. त्याने चार पैसे मिळतील, पण जे बाजारात मुबलक आहे तेच येथे विकल्याने आपण बाजारातले आणखी एक दुकान होऊ.

विरोध करून थांबलो तर बोलणे अपुरे राहील. माझी सूचना अशी. पहिले, बालविभागाला स्वतंत्र खोली द्यावी आणि बारा वर्षांखालील मुलांची वर्गणी माफ करावी. दुसरे, सायंकाळी सहा ते नऊ एक अभ्यासिका विनामूल्य उघडी ठेवावी; आपले निवृत्त शिक्षक सभासद पाळीपाळीने तेथे बसतील, पहिला वार मी मागून घेतो. तिसरे, आणि हे मी न्यूयॉर्कहून शिकून आलो : माहिती पोहोचवावी. आपल्याकडेही सरकारी निवडीच्या वाटा आहेत. जवाहर नवोदय विद्यालये १९८६ साली सुरू झाली, त्यांतले एक अगदी सुरुवातीचे अमरावतीचे. सहावीसाठी त्यांची परीक्षा असते. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असल्या तरी उरलेल्यांसाठी शहरातली मुले बसू शकतात. आपल्या शहरात बाल विनय मंदिर हे शासकीय उत्कृष्ट विद्यालय आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या गरीब मुलांसाठी केंद्र सरकारची २००८ साली सुरू झालेली शिष्यवृत्ती आहे. तिच्यात नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. या परीक्षांचे अर्ज कधी निघतात, कोणते दाखले लागतात, हे फलकावर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहावे, आणि अर्ज भरून द्यायला एक माणूस बसवावा. फळा आणि खडू एवढाच त्याचा खर्च आहे.

आणि हे सगळे करताना एक पथ्य पाळावे. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला परीक्षेचे पुस्तक देताना कपाटातले एखादे दुसरेही पुस्तक त्याच्या हाती द्यावे, मराठी असेल तर उत्तमच. कारण परीक्षेला बसलेल्यांपैकी थोडेच निवडले जाणार. स्टायव्हसंटच्या दारातूनही दरवर्षी वीस हजारांहून अधिक मुले अन्यत्र वळतात. माझ्या भाच्याच्या मुलीला ती शाळा मिळाली नाही. ती घराजवळच्या शाळेत रमली आहे आणि रविवारी मराठी शाळेत बाराखडी गिरवते. न निवडल्या गेलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न निवडीच्या शाळेला विचारता येत नाही. तो ग्रंथालयालाच विचारावा लागतो. त्याचे उत्तर आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षे दिले. पुढील शंभर वर्षे ते देत राहण्याची जबाबदारी आता आपली आहे.